पिठात ॲट्रोपिन दिसलं, पण ते धोतऱ्याचंच कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा मुलगा एम.एस्सी. करून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खासगी अन्न-तपासणी प्रयोगशाळेत नुकताच लागलाय. जवळच्या गावात एका घरातल्या पाच जणांनी रात्री जवारीची भाकर खाल्ली आणि तासा-दीड तासात सगळे बरळायला लागले. शेजाऱ्याने रुग्णालयात सांगितलं, "सारेच येड्यावानी करू रायले." डॉक्टरांनी उरलेलं पीठ आणि घरातल्या आजीची लघवी या प्रयोगशाळेकडे पाठवली. टीएलसी प्लेटवर (अर्कातले घटक वेगळे करणारी पातळ थराची पट्टी) ड्रॅगेनडॉर्फ हे अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजन असलेली द्रव्यं, रंगवणारं रसायन फवारल्यावर नारिंगी ठिपका आला, एलसी-एमएस या घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या लायब्ररीनेही (आधी नोंदवलेल्या द्रव्यांचा संग्रह) ‘ॲट्रोपिन’ असं नाव दाखवलं. धोतऱ्यातलं हे विष औषध म्हणूनही वापरतात. पण त्यांच्याकडे ॲट्रोपिनचं रेफरन्स स्टँडर्ड, म्हणजे ताडून बघायला लागणारा शुद्धता ठाऊक असलेला नमुना, नाही आणि मागवलं तर यायला महिना लागेल. त्याने विचारलंय: "गावाबाहेर उकिरड्यावर धोतरा माजलाय. त्याच्या बिया कुटून अर्क काढला आणि तोच स्टँडर्ड म्हणून वापरला तर चालेल का? रिपोर्टात ‘धोतऱ्याची विषबाधा’ असं लिहू का?"

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. पण नुसतं नाही म्हणून तुमचं काम पुढे जाणार नाही. विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे यात चूक कुठे होते आणि आज तुमच्या हातात काय आहे, ते सविस्तर लिहिते.

आधी डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की रिपोर्टाची वाट पाहू नका. कोरडी पडलेली जीभ, तापलेलं लाल अंग, मोठ्या झालेल्या बाहुल्या, अंथरुणावरून नसलेली वस्तू उचलत राहणं ही लक्षणं त्यांना आपल्या यंत्रापेक्षा लवकर कळतात. उपचार त्यावरच चालतात. आपलं काम त्याच्या नंतरचं आहे आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यावाच लागतो.

तुम्ही पिठावर थेट एलसी-एमएस लावलं. मी आधी त्या घरून दळायची राहिलेली जवार मागवली असती. पांढऱ्या कागदावर मूठ-मूठ पसरून भिंगाखाली बघा. धोतरा आपल्याकडे वावराच्या धुऱ्यावर, खळ्याच्या कडेला, देवळामागे सगळीकडे उगवतो. महाशिवरात्रीला लोक त्याची फळं महादेवाला वाहतात, म्हणून कोणी तो मुद्दाम उपटतही नाही. कापणीत एखादं बोंड कणसांबरोबर आलं की हडंब्यातून (मळणीयंत्रातून) त्याच्या बिया थेट पोत्यात जातात. ही बी आकाराने जवारीच्या दाण्याजवळ जाणारी असल्याने चाळणीने सहज वेगळी होत नाही, सुपात नजरेनेच निवडावी लागते. ती चपटी, कानाच्या पाळीसारखी, पिवळट-तपकिरी असते. तिचा घोटाळा नेहमी मिरचीच्या बीशी होतो, आणि आपल्याकडे भिवापुरी मिरचीच्या बिया कोणत्याही घरात सांडलेल्या सापडतील. मिरचीची बी फिकट पिवळी, पातळ, गोलसर असते. शंका आली तर ब्लेडने चपट्या बाजूला समांतर काप घ्या. धोतऱ्याच्या बीत अंकुर नाळेजवळ बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, मिरचीच्या बीत तो इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळतो. या परीक्षेला पैसा लागत नाही. बी सापडली तर तिचा फोटो, वजन आणि संख्या आजच वहीत नोंदवा.

आता अर्काबद्दल. बिया कुटून काढलेल्या अर्कात ॲट्रोपिन आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? पुस्तकात लिहिलंय म्हणून. आणि पिठातला पीक (यंत्राच्या आलेखावरचा उंचवटा) ॲट्रोपिनचा आहे हे कशावरून? तो अर्काच्या पीकशी जुळतो म्हणून. म्हणजे एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाने पटवली. कोर्टात उलटतपासणीला वकील हीच गाठ सोडेल, आणि सोडलीच पाहिजे. अर्काने प्रमाण तर अजिबात ठरवता येत नाही. धोतऱ्यात अल्कलॉइड किती आणि कोणतं, हे जातीवर, झाडाच्या वयावर, पान-फूल-बी या भागावर, इतकंच नव्हे तर एका झाडाहून दुसऱ्या झाडावर बदलतं. मग त्या अर्काचा ‘१०० टक्के’ कोणता धरायचा?

पण तो अर्क फेकून देऊ नका, त्याचा उपयोग वेगळा आहे. अख्खी फांदी, फूल आणि बोंडासह उपटून वर्तमानपत्रात दाबा आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतीशास्त्रज्ञाकडून जात ठरवून घ्या. अशी ओळख पटलेली वनस्पती ‘संदर्भ नमुना’ म्हणून ठेवता येते. तिच्या अर्कात कोणकोणते पीक कोणत्या क्रमाने येतात, ॲट्रोपिनबरोबर स्कोपोलामिन हे धोतऱ्यातलं दुसरं अल्कलॉइड किती येतं, हा ठसा नंतर पिठाच्या ठशाशी ताडून बघता येतो. प्रत्येक रेणूचं नाव मात्र शुद्ध स्टँडर्डनेच द्यायचं.

लायब्ररी मॅचबद्दलही सांगते, कारण नव्या मुलांचा त्यावर फार विश्वास असतो. लायब्ररी दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावर, दुसऱ्या परिस्थितीत तयार झालेली असते. ती सुचवते, सिद्ध करत नाही. ड्रॅगेनडॉर्फचा नारिंगी ठिपका तर त्याहून कमी बोलतो: बहुतेक अल्कलॉइडं त्याला नारिंगी होतात, आणि कोलीनसारखे साधे पदार्थसुद्धा. आम्ही शिकत होतो तेव्हा व्हिटाली-मोरिन परीक्षा करायचो. पोर्सेलीनच्या वाटीत अर्काचा थेंब, त्यावर धूर सोडणारं नायट्रिक ॲसिड, मग वॉटरबाथवर कोरडं करायचं. तळाशी पिवळट डाग उरे. त्यावर अल्कोहोलमधल्या पोटॅशचा एक थेंब सोडला की जांभळा रंग फुलायचा, बघताबघता लालसर व्हायचा आणि विरून जायचा. पहिल्यांदा तो रंग पाहिला तेव्हा मी वाटीवरून नजर काढली नव्हती. पण तीच परीक्षा ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि हायोसिन या तिघांनाही तोच रंग देते. रंगावरून कुळ कळायचं, नाव नाही.

नावांचा गोंधळ इथेच मोकळा करते. झाडात हायोसायमिन असतं. ते सुकवताना आणि अर्क काढताना, विशेषतः अल्कलीत, रॅसेमाइज होतं, म्हणजे त्यातले काही रेणू आपल्याच आरशातल्या प्रतिमेचं रूप घेतात, आणि त्या मिश्र रूपाला ॲट्रोपिन म्हणतात. साध्या सी-१८ कॉलमवर (यंत्रातली घटक वेगळे करणारी नळी) दोन्ही एकाच वेळी उतरतात. वेगळी करायची तर आरशातली रूपं ओळखणारा कायरल कॉलम लागतो. म्हणून रिपोर्टात ‘ॲट्रोपिन (हायोसायमिनसह)’ असं लिहायचं. हायोसिन आणि स्कोपोलामिन ही एकाच रेणूची दोन नावं आहेत.

स्टँडर्ड मागवताना एकच मागवू नका. ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन दोन्ही हवीत. शक्य असेल तर ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं ॲट्रोपिनही घ्या, इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठरावीक घालून तुलना करायला. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचे संदर्भ पदार्थ मिळतात. ते औषधांच्या तपासणीसाठी नेमलेले असतात. तुमच्या कामाला वापरता येतील, पण रिपोर्टात तसं नोंदवा. आयएसओ १७०३४ मान्यता असलेल्या उत्पादकाचं सर्टिफाइड रेफरन्स मटेरिअल मिळालं तर उत्तम, कारण त्याच्या शुद्धतेच्या आकड्याबरोबर अनिश्चितताही छापलेली असते. केमिकलच्या दुकानातली ‘९९ टक्के’ लिहिलेली बाटली स्टँडर्ड नव्हे. तो ९९ कोणी, कशाने मोजला, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

स्टँडर्ड हातात आलं की सर्टिफिकेट दोनदा वाचा. इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी ॲट्रोपिन सल्फेट मोनोहायड्रेट तोललं आणि हिशेबात ते शुद्ध ॲट्रोपिन धरलं. या क्षाराचं रेणुभार ६९४.८ आहे, त्यात ॲट्रोपिनचे दोन रेणू, प्रत्येकी २८९.४. म्हणजे १ मिलीग्रॅम क्षारात ॲट्रोपिन फक्त ०.८३३ मिलीग्रॅम. त्या महिन्यातले माझे सगळे आकडे वीस टक्क्यांनी जास्त गेले. एका वरिष्ठांनी वही तपासताना ते पकडलं आणि मला ते सगळे रिपोर्ट बसून पुन्हा काढावे लागले. तेव्हापासून मी वहीत स्टँडर्डच्या नावापुढे नेहमी ‘क्षार’ की ‘बेस’ (नुसतं अल्कलॉइड) हे लिहिते. स्कोपोलामिन हायड्रोब्रोमाइड ट्रायहायड्रेटमध्ये तर फरक आणखी मोठा आहे: ४३८.३ पैकी बेस ३०३.४, म्हणजे ०.६९२. सोपा हिशेब हवा असेल तर ॲट्रोपिन सल्फेट मोनोहायड्रेट १२.० मिलीग्रॅम तोला, १० मिलीलिटर मिथेनॉलमध्ये करा, मिलीलिटरला १.० मिलीग्रॅम बेस येतो. त्यातून १०० मायक्रोलिटर घेऊन १० मिलीलिटर, आणि त्यातून पुन्हा तसंच. दोन पायऱ्यांत तुम्ही मिलीलिटरला १०० नॅनोग्रॅमवर येता. एकाच उडीत तिथे जाऊ नका. पिपेटची चूक तिथे शंभर पटींनी बोलते.

सर्टिफिकेटवर शुद्धता ‘आहे तशी’ दिली आहे की ‘वाळवून’, हेही बघा. आपल्या भागात याला खास कारण आहे. ॲट्रोपिन सल्फेट कोरड्या हवेत आपलं स्फटिकजल सोडतं. मे महिन्यातली विदर्भाची हवा किती कोरडी असते ते तुम्हाला सांगायला नको. उघड्या व्हायलमधून तास-दोन तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तोलत राहिलात तर पाण्याचा वाटा बदलत जातो आणि त्याबरोबर प्रत्येक वेळी ॲट्रोपिनचा अंशही. हे पाणी जेमतेम अडीच टक्क्यांचं आहे, पण आपण ज्या अचूकतेच्या गोष्टी करतो तिथे अडीच टक्के कमी नाहीत. व्हायल उघडायची, लागेल तेवढं काढायचं, लगेच बंद करायची. फ्रीजरमधून काढलेली व्हायल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर पाणी उलट आत जातं. आणि तोलताना कूलर बंद करा. दारातला कूलर ओली हवाही फेकतो आणि थरथरही. मायक्रोबॅलन्सचा शेवटचा आकडा त्या झोतात स्थिर राहत नाही. कूलर बंद करून घामात तोलायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. सकाळी सातला या आणि तोला.

उन्हाळ्यात कुरिअरने आलेलं स्टँडर्ड तर आणखी काळजीचं. ४५-४६ अंशांत गाडीत दोन दिवस पडलेली व्हायल फ्रीजरमध्ये ठेवली म्हणून पूर्ववत होत नाही. सर्टिफिकेटवर वाहतुकीचं तापमान दिलेलं असतं ते तपासा, पाकीट उघडताना वेळ आणि अवस्था लिहा, आणि पहिल्यांदा वापरताना दुसऱ्या लॉटशी किंवा दुसऱ्या स्रोताशी ताडून बघा. वीज जाते तिथे फ्रीजरला तापमान नोंदवणारं यंत्र लावा. सकाळी आत बर्फ दिसला म्हणजे रात्रभर वीज होती असं नाही.

हा दुसरा स्रोत तुमच्याकडे आजच असू शकतो. ॲट्रोपिन सल्फेटच्या इंजेक्शनच्या कुप्या, मिलीलिटरला ०.६ मिलीग्रॅमच्या, आपल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात असतात. डॉक्टरांकडून एक रीतसर मागून घ्या. ते स्टँडर्ड नाही, त्याच्यावर प्रमाण ठरवू नका. पण तुमच्या कॉलमवर ॲट्रोपिन किती मिनिटांनी उतरतं आणि तुमच्या यंत्रात २९० वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित कण) फुटून १२४ आणि ९३ कसे येतात, हे त्यावरून आजच बघता येईल. पिठाच्या अर्कात त्याचा थोडा अंश मिसळून पुन्हा चालवा. पीक एकच राहून फक्त उंच झाला तर संशय बळावतो; शेजारी दुसरा खांदा निघाला तर तुमचा पीक वेगळा आहे. स्टँडर्ड येईपर्यंत एवढं पुरेसं आहे, त्यावर ‘प्राथमिक’ असा शिक्का मारून.

स्कोपोलामिनसाठी हाच मार्ग काढताना मात्र एक खड्डा आहे. पोटदुखीला देतात ते हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड हे हायोसिन नव्हे. नावात हायोसिन आहे, पण तो वेगळा, चतुर्थक (कायम धनभारित) रेणू आहे; वस्तुमान वेगळं, वागणूक वेगळी. त्याच्या कुपीने स्कोपोलामिनचा पीक शोधायला गेलात तर सापडणार नाही आणि तुम्ही ‘स्कोपोलामिन नाही’ असं लिहून मोकळे व्हाल.

आता जिथे बहुतेक प्रयोगशाळा घसरतात ते: नमुना. एका बीचं वजन साधारण १० मिलीग्रॅम धरा आणि त्यात अल्कलॉइड ०.२ टक्के. वर म्हटलं तसं हे बदलतं, फक्त हिशेबासाठी धरा. म्हणजे एका बीत २० मायक्रोग्रॅम. एक किलो जवारीत अशी एक बी असेल आणि तुम्ही ५ ग्रॅम दाणे उचलून तपासले, तर ती बी तुमच्या हातात येण्याची शक्यता २०० त १. बाकी १९९ वेळा तुम्ही ‘आढळलं नाही’ असं लिहाल, यंत्र कितीही महाग असो. म्हणून दाणे आले तर सगळे दळा, गिरणी आधी स्वच्छ जवारीने धुवा, पीठ नीट मिसळा, मग त्यातून भाग काढा, आणि किमान तीन वेगळे भाग तपासा. तिघांचे आकडे एकमेकांपासून दूर आले तर ती बातमी आहे, लपवायची गोष्ट नाही: विष पिठात एकसारखं पसरलेलं नाही. तुमच्याकडे पीठ आलंय हे थोडं सोयीचं, पण डब्याच्या वरचं आणि तळाचं वेगळं काढा.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये या दोन अल्कलॉइडांची मिळून सुरक्षित मर्यादा ठरवली: एका वेळी शरीराच्या किलोमागे ०.०१६ मायक्रोग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ०.८ मायक्रोग्रॅम. वरच्या एका बीच्या हिशेबाने १५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३ मायक्रोग्रॅम येतात, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. पण ही मर्यादा मुद्दाम फार खाली ठेवलेली असते, ती ओलांडली की माणूस बरळतो असं नाही. तुमच्या गावातलं अख्खं घर बरळलं, तेव्हा पिठात याहून कितीतरी जास्त असणार. म्हणून किलोमागे १ ते ५० मायक्रोग्रॅमची कॅलिब्रेशन कर्व्ह (ठाऊक प्रमाणांवरून काढलेला मोजमापाचा आलेख) काढून बसू नका. नमुना आधी पातळ करूनच यंत्रात घाला, आणि त्याच्यानंतर दोन ब्लँक (विष नसलेले नमुने) चालवा. मोठा पीक कॉलममध्ये मागे राहतो आणि पुढच्या निरपराध नमुन्यात डोकावतो. भाजल्याने हे सगळं नष्ट होतं अशी समजूतही काढून टाका. युगांडात २०१९ साली मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाच्या पिठात हीच अल्कलॉइडं निघाली. शिजवून खाल्लेल्या त्या पिठाने ३०० च्या वर लोक आजारी पडले आणि ५ दगावले.

कॅलिब्रेशन स्वच्छ मिथेनॉलमध्ये नको, जवारीच्या पिठात करा. निवडून-पाखडून घेतलेल्या जवारीचं पीठ आधी ब्लँक म्हणून तपासा, मग त्याच्याच अर्कात स्टँडर्ड घाला. पिठातला स्टार्च, तेल, रंग यंत्रातला सिग्नल दाबतात, आणि जेवढे नमुन्यात दाबतात तेवढेच कर्व्हमध्ये दाबले गेले तरच आकडा खरा. वेगळ्या पिठात ठरावीक अंश घालून तो किती परत मिळतो ते बघा. ७० ते १२० टक्क्यांत असला तर पद्धत उभी राहते. ओळख पटवायला दोन आयन हवेत: ॲट्रोपिनला २९० वरून १२४ आणि ९३, स्कोपोलामिनला ३०४ वरून १३८ आणि १५६. रिटेन्शन टाइम (कॉलमवरून उतरायला लागणारा वेळ) स्टँडर्डच्या ०.१ मिनिटाच्या आत आणि दोन आयनांचं प्रमाण स्टँडर्डच्या ३० टक्क्यांच्या आत आलं, तर आणि तरच नाव लिहायचं. अर्क काढताना जोरदार अल्कली टाळा, हे एस्टर आहेत, तुटतात. गॅस क्रोमॅटोग्राफी करत असाल तर गरम इंजेक्टरमध्ये ॲट्रोपिनचं पाणी निघून ॲपोॲट्रोपिन होतं, तेव्हा तोही पीक शोधा.

आणि हातमोजे. आमच्याकडे एका सहकाऱ्याने ॲट्रोपिनचं द्रावण हाताळून घाम पुसताना डोळा चोळला. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली आणि आठवडाभर तशीच राहिली. उजेडात डोळा उघडेना, जवळचं वाचता येईना. विषाचं स्टँडर्ड हेही विषच असतं. त्याचं रजिस्टर ठेवा, कुलपात ठेवा, किती उरलं ते दर वेळी लिहा.

आजीच्या लघवीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण यवतमाळमध्ये बसून ‘लघवीत ॲट्रोपिन आढळलं’ हे वाक्य लिहिणं धोक्याचं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात आले, काही वाचले नाहीत. ऑर्गॅनोफॉस्फेट या वर्गातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेवर पहिलं औषध ॲट्रोपिन. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ते कायम हाताशी असतं आणि बेशुद्ध, बरळणारा रुग्ण हंगामात आला की फवारणीचाच संशय आधी येतो. खरं तर चित्र उलटं असतं: फवारणीच्या विषात बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगाला घाम, तोंडाला लाळ, धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या आणि सगळं कोरडं. पण रात्री बाराला, एका डॉक्टरसमोर पाच रुग्ण असताना काय दिलं गेलं हे केसपेपरवरच बघावं लागतं. मोतीबिंदूच्या शिबिरात तपासणीला डोळ्यात घातलेले थेंबही विचारा, त्यांतही ॲट्रोपिन असू शकतं.

म्हणून डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा: लघवी ॲट्रोपिन देण्याआधीची की नंतरची, दिलं तर किती वाजता, आणि आजीच्या डोळ्यात गेल्या आठवड्यात कोणी थेंब घातले का. मग स्कोपोलामिन शोधा. इंजेक्शनच्या ॲट्रोपिनमध्ये स्कोपोलामिन नसतं, धोतऱ्यात दोन्ही असतात. दोन्ही एकत्र सापडली, पिठातही दोन्ही सापडली, आणि पोत्यात बी सापडली, तर तुमचं म्हणणं तीन पायांवर उभं राहतं. एकटं ॲट्रोपिन सापडलं आणि लघवी उपचारानंतरची असेल, तर त्या लघवीवरून धोतऱ्याबद्दल काहीही लिहू नका. स्टँडर्ड कितीही चांगलं असलं तरी ते एवढंच सांगतं की हा रेणू ॲट्रोपिन आहे. तो बोंडातून आला की कुपीतून, हे त्याला ठाऊक नाही.

गावात लोक ‘धोतरा’ म्हणतात तेव्हा कोणता, हेही विचारा. पिवळ्या फुलाचा काटेरी ‘पिवळा धोतरा’ हे वेगळंच झाड, त्यात ट्रोपेन अल्कलॉइडं नाहीत. त्याच्या बारीक काळ्या बिया मोहरीत मिसळतात आणि तेलात सँग्विनारिन हे विष उतरतं. १९९८ मध्ये दिल्लीत त्यानेच जलशोथाची (अंगाला सूज येण्याची) मोठी साथ आली होती. तुमचं स्टँडर्ड ॲट्रोपिनचं आणि झाड पिवळा धोतरा, असं झालं तर तुम्ही ‘काही नाही’ म्हणाल. तसंच गुंज आणि कण्हेर. गुंजेतलं ॲब्रिन हे प्रथिन आहे, कण्हेरीतलं विष ग्लायकोसाइड; अल्कलॉइडच्या पद्धतीत दोन्ही दिसणार नाहीत. कळलावीतलं कोल्चिसिन अल्कलॉइडच्याच पंगतीत बसतं, पण उजेडात बिघडतं, म्हणून त्याचं स्टँडर्ड तपकिरी व्हायलमध्ये. जनावर दगावलं आणि मालक म्हणतो जवारीच्या कोवळ्या फुटव्यांवर सोडलं होतं, तर ती किराळ, म्हणजे सायनाइड. तिथे ॲट्रोपिन शोधण्यात वेळ घालवू नका.

रिपोर्टात आज काय लिहायचं ते सांगते. "पिठाच्या नमुन्यात ॲट्रोपिनशी जुळणारा घटक प्राथमिक तपासणीत दिसला, रेफरन्स स्टँडर्डने खात्री व प्रमाण निश्चित करणे बाकी आहे." एवढंच. ‘विषबाधा’ हा शब्द तुमचा नाही, तो डॉक्टरांचा. ‘कोणी घातलं’ हा तर तुमच्या आवाक्यातलाच नाही. पोलिसांत नोंद झाली असेल तर सीलबंद नमुना उघडू नका. तो नागपूरच्या किंवा अमरावतीच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला पाहिजे. तुमच्याकडे आलेल्या पिठाचा अर्धा भाग आत्ताच वेगळ्या डब्यात, तारीख-सही-सीलसह ठेवून द्या, कोणी मागितला तर देता येईल असा. लघवी गोठवा.

पण रिपोर्टाआधी, आज संध्याकाळपर्यंत, एक फोन त्या घरी किंवा सरपंचांना करा. कोठीत उरलेली जवार कोणी खाऊ नये, दळून शेजाऱ्यांना देऊ नये, कोंबड्यांपुढे किंवा बैलांपुढे टाकू नये. आणि ती ज्या वावरातून आली तिथलं दुसरं पोतं कोणाच्या घरी गेलंय ते विचारा. एका हडंब्यावर एकाच दिवशी तीन-चार घरांची जवार निघते.